वाचकांचे प्रश्न : जुन्नरचा कातळ आणि त्यावरची फुले

जुन्नर आणि त्याच्या परिसराविषयी या पावसाळ्यात आमच्याकडे बरीच पत्रे आली. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र करून निवडक सहा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : सप्टेंबरच्या अखेरीस आम्हा चौघा निवृत्त मित्रांचा दोन दिवसांचा बेत आहे. कासच्या पठारावर फार गर्दी असते, म्हणून जुन्नरला जावे असे एकाने सुचवले. जुन्नरला खरोखरच फुले पाहायला मिळतात का, की ती केवळ गडकिल्ल्यांचीच जागा आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मिळतात, मात्र गावात उतरून इकडेतिकडे पाहिल्यास निराशा होईल. जुन्नर हे कुकडीच्या खोऱ्यातले, ऊस-द्राक्षांच्या शेतांनी वेढलेले तालुक्याचे गाव आहे आणि पाऊस तेथे बेताचाच पडतो. तेथून पश्चिमेकडे निघाले, की सुमारे तीस किलोमीटरच्या प्रवासात पावसाचे मान कित्येक पटींनी वाढत जाते आणि नाणेघाट, दुर्गवाडी, ढाकोबा या बाजूस सह्याद्रीचा माथा एकदम कोकणात तुटतो. फुले आहेत ती या तुटलेल्या काठावर, उघड्या कातळाच्या सड्यांवर. कासचे पठार जांभ्या दगडाचे आहे, तर येथील सडे काळ्या कातळाचे आहेत. त्यामुळे दोन्हीकडची काही फुले सारखी असली तरी एकाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून दुसरीकडे जाऊ नये. कासला नजर पोहोचेल तिथवर एकाच रंगाची बिछायत दिसते. येथे तशी बिछायत सोनकीची असते, तीही डोंगरउतारावर आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून. बाकीची फुले वाकून, क्वचित गुडघे टेकून पाहावी लागतात. आपण चौघे निवृत्त आहात असे लिहिले आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

गुडघे टेकण्याचे श्रम मात्र वाया जात नाहीत. कातळाच्या खोलगट भागात बोटभर माती आणि तिच्यावर पाण्याचा पातळ थर साचतो. तेथे सीतेची आसवे नावाची निळी-जांभळी फुले वीतभराहूनही कमी उंचीच्या, केसासारख्या दांड्यांवर उभी असतात. वरून पाहता ती अगदी नाजूक आणि निरुपद्रवी भासतात, परंतु त्यांच्या मुळाशी, ओल्या चिखलात, टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात आणि त्या सूक्ष्म जलजीवांना आत ओढून पचवतात. अशा धुपलेल्या मातीत नत्र जवळजवळ नसतेच, म्हणून ही वनस्पती ते असे मिळवते. तिच्या शेजारीच गेंदाची पांढरी बटणे दिसतील, कवल्याची पिवळी फुले दिसतील (तिच्या एका जातीला हल्लीची मुले ‘मिकी माऊस’ म्हणतात, आणि फूल समोरून पाहिल्यास ते नाव चुकीचे वाटत नाही), आणि पाणी वाहते तेथे कडेकडेने तेरडा गुलाबी झालेला असेल. झुडपांच्या आधाराने चढलेली कळलावी तर दुरूनही ओळखू येते. तिचा कंद विषारी असल्याने ती हाताळू नये, एवढेच.

कारवीविषयी बहुतेक वाचक विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. कारवी सात वर्षे नुसती वाढते, मग डोंगरच्या डोंगर एकाच हंगामात जांभळे करते आणि बी धरून वाळून जाते. प्रत्येक डोंगराचे वर्ष सारखे असेलच असे नाही, त्यामुळे यंदा कोठे फुलली आहे हे घाटघरसारख्या माथ्यावरच्या गावात विचारूनच ठरवावे. तेथील जुन्या घरांच्या कुडाच्या भिंतीही कारवीच्याच काठ्यांच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या असतात. फुले हुकली तरी निदान त्या पाहाव्यात.

पहिला दिवस नाणेघाट आणि घाटघरसाठी ठेवावा, दुसरा दुर्गवाडीसाठी. दुर्गवाडीपर्यंत वाहन जाते, दुर्गादेवीच्या मंदिराभोवती देवराई आहे, आणि तेथील कोकणकडा थोडे चालून गाठता येतो. सकाळी लवकर निघावे, कारण दुपारनंतर धुके आले म्हणजे समोरचा माणूसही दिसत नाही, मग फुलांची गोष्ट दूरच.

प्रश्न : ‘शिवसुमन’ हे फूल फक्त शिवनेरीवर उगवते आणि शिवजन्माशी त्याचा संबंध आहे, असे आमच्या गडभेटीत एकाने सांगितले. हे खरे आहे काय? आम्हाला तर ते गडावर कोठेच दिसले नाही.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि खरा आहे तो अर्धा भाग ऐकीव गोष्टीपेक्षा अधिक रंजक आहे. शिवसुमन शिवनेरीच्या कड्यांवर उगवते, त्यावरूनच त्याला हे नाव पडले. परंतु ते केवळ शिवनेरीवर नाही. पुरंदरचा जोडकिल्ला वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड, अकोले तालुक्यातील रंधा धबधब्याचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी ते आढळलेले आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर जगात ते कोठेही नैसर्गिकरीत्या वाढत नाही, हे मात्र खरे. शिवजन्माशी त्याचा संबंध जोडणारी कथा नावावरून मागाहून तयार झालेली दिसते.

या वनस्पतीची शास्त्रीय ओळख जगाला झाली तीच जुन्नरच्या डोंगरांतून. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली पुण्याजवळ दापोडीला आणि जुन्नरच्या बाजूस हिवरे येथे सरकारी वनस्पती-उद्याने होती. गिब्सन यांच्यानंतर वनसंरक्षक झालेले निकोल डॅलझेल यांनी या हिवऱ्याजवळच्या डोंगरातून हे झाड उचलले आणि १८६५ च्या सुमारास त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर होते. त्यांच्या नावावरून या वनस्पतीला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव मिळाले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला दुसऱ्या प्रजातीसमूहात हलवले, तरी फ्रेअर यांचे नाव तिला चिकटूनच राहिले. आपल्याकडच्या लोकांनी तिला आधीपासून शिंदळ माकुडी म्हणत ओळखले होते, याची नोंद मात्र नावात कोठे उतरली नाही.

आपल्याला ती दिसली नाही याचे कारण आपण सात दरवाजांच्या वाटेने वर गेलात आणि त्याच वाटेने खाली आलात, हे असावे. शिवसुमन वाटेवर नसते. ते सरळ उभ्या कड्याच्या फटीत, जेथे मूठभर माती अडकलेली असते आणि शेळीचे तोंड पोहोचत नाही, तेथे लोंबत असते. त्याचे खोड बोटासारखे जाड, मांसल आणि हिरवट राखाडी असते. पावसाळ्यात त्याला जाडसर पाने येतात, आणि हे त्याचे वैशिष्ट्य, कारण त्याच्या जवळच्या नात्यातल्या माकडशिंगीसारख्या वनस्पतींना अशी ठळक पाने नसतातच. पाऊस सरून कोरडे दिवस लागले की पाने गळतात आणि उरलेले आठ महिने ते नुसत्या खोडावर काढते. कड्यावर कितीही पाऊस कोसळला तरी पाणी थांबत नाही. म्हणजे धो धो पावसाच्या प्रदेशातही या फटीतल्या झाडाचा निवास कोरडाच असतो. वाळवंटी बांध्याचे झाड सह्याद्रीत कसे, या प्रश्नाचे उत्तर त्या उभ्या भिंतीत आहे.

फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढे, पाच कोनांच्या ताऱ्यासारखे, गडद मरून रंगाचे असते आणि त्यावर पिवळे वेडेवाकडे ठिपके असतात. त्यामुळे एकाच झाडावरची दोन फुलेही अगदी सारखी दिसत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्याचा ऐन हंगाम. वास घेण्याचा मोह होऊ देऊ नये, कारण तो माश्यांना बोलावण्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. फळे शेंगांसारखी जोडीने येतात, उकलली की त्यांतून रुईच्या म्हाताऱ्यांसारख्या पांढऱ्या केसांचे बी वाऱ्यावर निघते. रुई आणि शिवसुमन एकाच कुळातली आहेत, हे त्या बियांवरून कोणालाही पटावे.

त्याच कुळातले दुसरे नवल म्हणजे कंदीलपुष्प. त्याची एक दुर्मीळ जात १९६० च्या दशकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ हेमाद्री यांनी जुन्नरच्या ढाकोबावरूनच प्रथम नोंदवली आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणातील रोल्ला शेषगिरी राव यांच्या नावावरून तिचे नामकरण केले. कंदीलपुष्पाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. त्यावरून घसरत माशी तळाशी जाते, केसांमुळे तिला परत येता येत नाही, आणि फूल सुकू लागून केस मऊ पडले की ती परागांची पुडी अंगावर घेऊन सुटते. माशीला अशी नजरकैद देणाऱ्या या फुलाचे कंद गुराखी पोरे खणून खातात, आणि ते दुर्मीळ होण्याच्या कारणांत हेही एक आहे.

पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा शिवाई देवीच्या मंदिराच्या परिसरातून वरच्या कड्याकडे दुर्बिणीने पाहावे. ज्या खडकात बौद्ध भिक्खूंसाठी लेणी खोदली गेली, त्याच खडकाच्या फटींत, त्यांच्या वरखाली, अशा वनस्पती असतात. साखळीच्या वाटेकडे किंवा कड्याच्या कडेला जाऊन पाहण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

प्रश्न : आज जुन्नर हे लहानसे गाव आहे. सातवाहनांची नगरी, निजामशाहीची राजधानी, शिवरायांचे जन्मस्थान हे सारे याच एका ठिकाणी कसे आले?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्याच जिल्ह्यातील पैठणचा विचार केला तर उत्तर सापडते. पैठणचा माल समुद्रापर्यंत न्यायचा तर सह्याद्री ओलांडावा लागे, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी सोयीची खिंड म्हणजे नाणेघाट. घाट चढून आलेल्या तांड्याला पहिला मोठा मुक्काम जुन्नरचा. गावाचे नाव जीर्णनगर यावरून आले असे मानतात. म्हणजे नाव पडले तेव्हाच ते जुने झालेले होते.

नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील मोठा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे (त्या काळची नाणी) यांची मोजदाद आहे, आणि त्या मोजदादीमुळे भारतातील अंकलेखनाच्या अभ्यासात या गुहेला मोठे स्थान आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे वर वाचता येतात. खाली पुतळे नाहीत, काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाटावरच्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात. जीवधन, चावंड, हडसर, निमगिरी हे किल्ले या वाटेच्या आसपास उगाच नाहीत.

व्यापाराचा पैसा लेण्यांत उतरला. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून येथे दोनशेच्या घरात खोदकामे आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी महाराष्ट्रात अन्यत्र नाहीत. तुळजा लेण्यातील चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह) वर्तुळाकार असून त्यात बारा खांबांचे कडे आहे. दानलेखांत राजे कमी आणि कामकरी-व्यापारी अधिक भेटतात: बुरूड, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी म्हणजे व्यावसायिकांचे संघ, आणि शिवाय यवन (ग्रीक) दाते. एका शक उपासकाच्या लेखात करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिल्याचा उल्लेख येतो. फुलांच्या आणि इतिहासाच्या प्रश्नांची उत्तरे एकाच लेखात द्यावी लागतात, याचे आम्हाला म्हणूनच अवघड वाटले नाही.

पुढचा काळ थोडक्यात सांगता येतो. बहमनी राज्य मोडू लागले तेव्हा मलिक अहमदाने १४९० मध्ये जुन्नरलाच आपली स्वतंत्र सत्ता, म्हणजेच निजामशाही, जाहीर केली. अहमदनगर त्यानंतर वसले. सतराव्या शतकाच्या आरंभी तिचा वजीर मलिक अंबर याने काही काळ येथूनच निजामशाहीचा कारभार चालवला. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, आणि १६५७ मध्ये त्याच शिवरायांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नर पेठेवर छापा घालून खजिना आणि घोडे नेले. ज्या मराठा किल्ल्यांचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत शिवनेरी आहे.

याच इतिहासात एक पाहुणा आहे, ज्याच्याकडे आपण अभ्यासक म्हणून जरूर वळावे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विक्रीसाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून पावसाळ्यात जुन्नरला येऊन अडकला. तेथील खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, असे सांगितले. दुसऱ्या एका वजनदार माणसाच्या मध्यस्थीने घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. त्याने लिहून ठेवलेल्या वर्णनात हे नगर देवानेच घडवलेल्या खडकावर आहे, वाट इतकी अरुंद की दोघांना बरोबर चढता येत नाही, आणि चार महिने जिकडेतिकडे पाणी नि चिखल, असा मजकूर आहे. जुलैत शिवनेरी चढलेल्या कोणासही त्यात फेरफार करावासा वाटणार नाही.

प्रश्न : नाणेघाटातील ‘उलटा धबधबा’ हा चमत्कार आहे की चित्रफितीतील करामत?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दोन्ही नाही. समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा कोकणातून सरळ येऊन कड्यावर आदळतो. त्याला पुढे जायला जागा नसल्याने तो भिंतीलगत वर चढतो. खिंडीसारख्या चिंचोळ्या जागेत त्याचा जोर आणखी वाढतो, आणि काठावरून पडणारे पाणी बारीक असेल तर त्याचे तुषार होऊन ते माथ्यावर परत फेकले जाते. वारा पडला की तोच धबधबा मुकाट्याने खाली कोसळतो. म्हणून तो पाहण्यासाठी पावसापेक्षा वाऱ्याचा दिवस गाठावा लागतो. अशा दिवशी काठावर उभे राहणे किती धोक्याचे असते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आठवीच्या वर्गाची सहल काढायची आहे. किल्ला आणि लेण्याद्री मुलांनी पाहिले आहे. जुन्नर तालुक्यात निसर्ग आणि विज्ञान यांचा मेळ घालता येईल असे आणखी काय आहे?
— एक शिक्षिका, शिरूर

उत्तर : आपण पूर्वेकडून येणार असल्याने तालुक्याची पूर्व बाजूच घ्यावी. आणे घाटाजवळ गुळुंचवाडीला ओढ्यावर एक नैसर्गिक दगडी पूल आहे. खालचा ठिसूळ भाग पाण्याने कोरून नेला आणि वरचा टणक खडक कमानीसारखा उभा राहिला; मुलांना धूप म्हणजे काय हे फळ्यावर समजावण्यापेक्षा येथे दाखवणे सोपे जाईल. तेथून कुकडीच्या काठावरील बोरी बुद्रुकला यावे. तेथे नदीच्या गाळात पांढरट राखेचा थर सापडतो आणि ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची आहे. ती त्याच्या कोणत्या उद्रेकातली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. काही ती सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची मानतात, तर काही कितीतरी आधीची. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली असल्याने हा वाद नुसत्या राखेपुरता राहत नाही. थर नाजूक आहे, तेव्हा मुलांनी तो उकरू नये, एवढी काळजी घ्यावी.

खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) तेथून दूर नाही. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या, अशी तिची रचना आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभारताना ही जागा निवडली, कारण शहरी रेडिओ गोंगाट येथे कमी होता आणि भोवतालच्या डोंगरांची आडही होती. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तेथे प्रदर्शन भरते. फुले पाहायची नसतील तर सहलीसाठी तोच मुहूर्त धरावा.

प्रश्न : शिवसुमनाची फांदी खोचली तरी जगते असे ऐकले. गडावरून एखादी छोटी फांदी आणून कुंडीत लावली तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फांदी जगते हे खरे आहे, आणि अडचणही नेमकी तीच आहे. सहज जगते म्हणून अनेकांनी तोडली, आणि हात पोहोचेल अशा जागांवरून ती नाहीशी होत गेली. शिवनेरी हे संरक्षित स्मारक आहे, राखीव वनातून कोणतीही वनस्पती तोडून नेणे हा गुन्हा आहे. तेव्हा फांदी आणू नये. ज्यांना घरी लावायचीच आहे त्यांनी लागवडीतून तयार केलेले रोप रोपवाटिकेत मिळते का ते पाहावे. ते मिळाल्यास मुरमाड, पाणी न धरणारी माती घ्यावी, कुंडी आडवी टांगता आली तर उत्तम, आणि पाने गळली म्हणून घाबरून पाणी वाढवू नये. दिवाळीनंतर ती गळतातच.